पाहुण्यांसाठी बुजवलेले खड्डे

मंडळी, नमस्कार. सलाम.

खुर्ची नको, अशोकराव. उभाच राहतो. बसलो की माझ्याच्यानं बोलणं होणार नाही.

ऊन उतरायच्या आत एवढी माणसं या शाळेच्या पटांगणात येऊन बसलीत. ऊसतोडीहून परत आलेले आहेत, फाट्यावरून चालत आलेले आहेत, मागं भिंतीला टेकून म्हातारी माणसं बसलीत. अशा वेळी काय बोलावं हे मला कधीच कळलेलं नाही. सगळी नोकरी गेली, पण शोकसभेत मी कधी तोंड उघडलं नाही. मागच्या रांगेत बसायचं, दोन मिनिटं उभं राहायचं आणि निघायचं. आज मात्र मी स्वतः सरपंचांना, या अशोकरावांना, फोन करून सांगितलं, मला बोलायचंय. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडून करून घेतलीय. त्या लिंबाला जो भोंगा बांधलाय ना, त्याचं तोंड तुमच्याकडे नाही. ते मशिदीमागच्या आळीकडे आहे, ज्यांच्यासाठी आपण जमलोय त्या गुलाबभाईंच्या घराकडे. त्यांच्या घरच्या हमीदाभाभी इद्दतीत आहेत, नवऱ्यामागचे दिवस पाळतायत. चार महिने दहा दिवस त्या उंबऱ्याबाहेर येणार नाहीत. पण मला जे सांगायचंय ते आधी त्यांनी ऐकायला हवं. भाभी, आवाज येतोय ना? येत असेल असं धरून चालतो.

ज्या पोरांना मी ओळखू येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी म्हस्के. या भागातल्या रस्त्यांचा शाखा अभियंता होतो. आता रिटायर झालोय, नगरला असतो. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण माझ्या तोंडात जुनंच नाव बसलंय, सांभाळून घ्या. गुडघे गेलेत. सकाळी पाथर्डीपर्यंत एसटीनं आलो, तिथून जीपनं फाट्यावर, आणि फाट्यापासून इथं धामणदऱ्यापर्यंत एका भल्या माणसाच्या मोटरसायकलवर. सात किलोमीटरला पाऊण तास लागला. दोनदा उतरावं लागलं. प्रत्येक खड्ड्याला मी मनात म्हणत होतो, बस म्हस्के, भोग आता.

गुलाबभाई शेख माझ्या हाताखाली मैलकुली होते. मैलकुली हा शब्दही आता गेला. पूर्वी रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाला नेमून दिलेला असायचा. त्यातले खड्डे त्यानं भरायचे, कडेचं गवत काढायचं, मोरी तुंबली तर मोकळी करायची. फाटा ते धामणदरा हा सगळा मुरमाचा रस्ता गुलाबभाईंकडे होता. एक फावडं, एक घमेलं आणि मुरूम ठोकायची ती धुम्मस. एवढ्यावर हा माणूस सात किलोमीटर सांभाळायचा.

त्यांची एक सवय होती. खड्डा साफ करायचा, दगड रचायचे, मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस मारायची. सगळं झालं की कडेच्या दगडावर जाऊन बसायचं. नुसतं बसायचं. मी नवीन होतो तेव्हा, अंगात साहेबपणा होता. एकदा गाडी थांबवून ओरडलो, ‘काय गुलाबभाई, बसायचा पगार घेता काय?’ ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘न्हाई साहेब. गाडीची वाट बघतोय. पैली गाडी वरनं गेल्याबिगर खड्डा बुजला म्हनायचं न्हाई. दगड बसला का न्हाई, ते चाकाला कळतं. मला न्हाई कळत.’

मग माझीच गाडी गेली त्यावरून. मी आरशात बघितलं, तर ते खाली वाकून चाकोरी बघत होते. दोन मिनिटं बघितली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि पुढच्या खड्ड्याकडे निघाले.

आता मुद्द्यावर येतो. पाणी असेल तर द्या जरा.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. परदेशी मदतीतून रस्ते करायची योजना आली होती. आडबाजूची गावं मोठ्या रस्त्याला जोडायची, म्हणजे माल बाजाराला जाईल, पोरं शाळेला जातील, अडलेली बाई वेळेत दवाखान्यात पोचेल. मदत म्हणजे सवलतीचं कर्जच असतं ते, पण आम्ही सगळे मदतच म्हणायचो. आपल्या भागातले दोन रस्ते यादीत होते. एक हा धामणदऱ्याचा. दुसरा पलीकडच्या डोंगराखालच्या गावाचा. त्या गावाचं नाव घेत नाही, तिथं माझे पाहुणे आहेत. दोन्हींपैकी एकच होणार होता. जो जास्त खराब, तो आधी. आणि ते ठरवायला परदेशातून माणसं येणार होती, स्वतः बघायला.

पावसाळा नुकता संपलेला. आपल्या रस्त्याची अशी दशा होती की काही विचारू नका. ओढ्याजवळ एवढा मोठा खड्डा की त्यात म्हशी बसायच्या. खरं सांगतो, त्या वेळी कोणी आंधळा जरी पाहणीला आला असता तरी त्यानं हाच रस्ता मंजूर केला असता.

पाहणीच्या आधी ऑफिसात एक इंग्रजी कागद आला. त्यात साफ लिहिलेलं होतं, रस्ता आहे तसा दाखवावा, पाहणीसाठी म्हणून कोणतीही दुरुस्ती करू नये. मी तो वाचला. वाचलाच नाही, साहेबांच्या टेबलावर राहिला, असं म्हणायची सोय होती. पण मी वाचला, आणि घडी घालून फायलीत ठेवला.

का ठेवला? आता तुम्हीच सांगा. लग्नपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं तेव्हा आपण काय करतो? रिकाम्या हातानं जातो का? मोठा माणूस म्हणतो, माझा सत्कार नको, तेव्हा आपण काय करतो? शाल बदलून आणखी भारीतली आणतो. मला वाटलं, ही त्यांची लिहायची पद्धत असेल. भिडस्त माणसं असतील, उगाच कोणाला त्रास नको म्हणून लिहिलं असेल. सगळ्या नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो होतो. वरून कोणी येणार म्हटलं की खड्डे भरायचे, दगडांना गेरू-चुना मारायचा, कमानीला आंब्याचे डहाळे बांधायचे. मंत्री येवो, कलेक्टर येवो. हे लोक मुळात खड्डे बघायलाच येतायत, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

गुलाबभाईंच्या डोक्यात शिरलं होतं.

ओढ्याजवळ, त्या म्हशींच्या खड्ड्यापाशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, ‘गुलाबभाई, आठ दिवसांत रस्ता आरशासारखा पाहिजे. परदेशी पाहुणे येणार आहेत.’

ते फावड्यावर हात टेकवून उभे राहिले. म्हणाले, ‘पाव्हनं काय बघाया येत्यात, साहेब?’

मी म्हटलं, ‘रस्ता बघायला.’

‘रस्ता का खड्डे?’

मी जीपकडे वळलो. तेच पुढं म्हणाले, ‘न्हाई, म्हंजे खड्डे बघून जर डांबर देनार असतील, तर म्या बुजवायचे कशाला? ऱ्हाऊ द्या की हाय तसं.’

एवढं सरळ विचारलं त्या माणसानं. चौथी शिकलेला माणूस. आणि मी, डिप्लोमा केलेला, काय म्हणालो? मी म्हणालो, ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं? सांगितलं तेवढं करा.’

‘व्हय साहेब,’ ते म्हणाले.

मंडळी, ते शब्द माझे होते. आज चौदा वर्षांनी या माईकवर सांगतो. खड्डे बुजवायचा हुकूम माझा होता. गुलाबभाईंनी मला विचारलं होतं, अडवलं होतं, आणि मी त्यांना गप्प केलं होतं. भाभी, ऐकलंत?

थांबा, अजून संपलं नाही. बसा, बसून घ्या.

आठ दिवस त्या माणसानं जे काम केलं, तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. टेकडीचा मुरूम बैलगाडीनं आणला. हमीदाभाभींचं नाव हजेरीवर नव्हतं, तरी आठही दिवस त्या घमेलं वाहत होत्या. म्हशी बसायच्या तो खड्डा गुलाबभाईंनी तीन थरांत भरला. तुमच्यातल्याही कितीतरी जणांनी कडेचे दगड रंगवले, आठवतंय का? कमानीला डहाळे बांधायला शिडीवर कोण चढलं होतं, ते मी सांगत नाही. तो माणूस समोरच बसलाय आणि आता खाली बघतोय.

पाहुणे आले. एक उंच मॅडम होत्या, उन्हानं लाल झालेल्या, बरोबर मराठी सांगणारा एक माणूस. फाट्यापासून त्यांची पांढरी गाडी निघाली ती धामणदऱ्यापर्यंत कुठं आदळली नाही. मी मागच्या जीपमध्ये होतो. ओढ्याजवळच्या दगडावर गुलाबभाई बसलेले दिसले. गाडी पुढं गेली आणि ते वाकून चाकोरी बघायला लागले.

गावात मॅडमनं विचारलं, हा रस्ता कोण सांभाळतं? सगळ्यांनी गुलाबभाईंना पुढं ढकललं. मॅडमनं हात पुढं केला. यांनी आपला हात सदऱ्याला तीनदा पुसला आणि मग दिला. त्या बाई काहीतरी बोलल्या. दुभाषा म्हणाला, मॅडम म्हणतायत, इतका चांगला राखलेला कच्चा रस्ता त्यांनी कुठंच बघितला नाही. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. धुम्मस हातात देऊन त्यांचा फोटो काढला. त्या फोटोत हसू नाही त्यांच्या तोंडावर, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी डोंगराखालच्या गावाला गेलो. तिथला मैलकुली मेहुणीच्या लग्नाला गेलेला. कोणी रस्त्याला हातही लावलेला नव्हता. मॅडमची गाडी अशी रुतली की ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागली. मॅडमचे बूट चिखलात राहिले. तिथला सरपंच लाजेनं अर्धा झाला होता, माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘साहेब, घालवली ना आब्रू गावाची.’

त्यांचा रस्ता झाला. तुम्ही बघताच. डांबरी, मध्ये पांढरे पट्टे, दिवसाला चार एसटी. आपल्याला दोन महिन्यांनी कागद आला की हा रस्ता सुस्थितीत आहे, देखभाल उत्तम आहे, सध्या काही करायची गरज नाही.

मग याच पटांगणात ग्रामसभा झाली. मी तिथं, त्या खांबाजवळ खुर्चीवर बसलो होतो. लोक चिडलेले. चिडणारच. कोणीतरी गुलाबभाईंना उभं केलं आणि विचारलं, खड्डे कोणाच्या सांगण्यावरून बुजवले?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी फाईल उघडली आणि त्यात डोकं घातलं. काय वाचत होतो कोण जाणे.

ते म्हणाले, ‘म्याच बुजवले. पाव्हनं येनार हुतं.’

बस. एवढंच. त्या दिवसापासून या गावात धामणदऱ्याचा रस्ता गुलाब मैलकुल्यानं घालवला. मॅडमनं हात दिला म्हणून हा शेफारला, असंही बोललं गेलं. चहाच्या टपरीवर आले की, ‘या, मॅडमचे गुलाबभाई!’ आधी कौतुकानं म्हणत होते तेच आता टोचून म्हणायला लागले. मुक्कामी एसटी बंद झाली, त्यांच्यामुळे. सातवीनंतर पोरींची शाळा सुटली, त्यांच्यामुळे. ऊसतोडीला न्यायला येणारे ट्रक ओढ्याच्या अलीकडे यायला तयार होईनात, त्यांच्यामुळे. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं घेऊन तुम्ही फाट्यापर्यंत चालत जायचा, आणि वाटेत हा माणूस घमेलं घेऊन खड्डे भरत असायचा. रिटायर झाला तरी. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. दसरा जवळ आला की टेकडीचा मुरूम आणायचा, म्हणजे निदान एखादी पिकअप तरी गावापर्यंत यावी. तुम्ही त्यांच्याजवळून जायचा आणि बोलायचा नाही. मी तुम्हाला नावं ठेवत नाही. मी तर इथं यायचंच बंद केलं होतं.

एकदा मात्र आलो. माझ्या रिटायरमेंटच्या आधी. ते ओढ्यापाशीच होते, त्याच दगडावर बसलेले. मी शेजारी बसलो. म्हटलं, ‘गुलाबभाई, माझं नाव का नाही सांगितलं त्या दिवशी?’

ते हसले. म्हणाले, ‘नाव सांगून काय, खड्डा परत उघडनार हुता का?’

मी म्हटलं, ‘चेष्टा नको.’

मग त्यांनी फावडं बाजूला ठेवलं. म्हणाले, ‘साहेब, तुमची पोरगी कालेजात हुती तवा. त्या कागदाचं मागनं कळलं मला. लेखी हुकूम मोडला म्हनून तुमाला घरी बसवलं असतं. माझं काय जानार हुतं? लोक बोलत्यात, बोलू दे. आन एक सांगू का? त्यो रस्ता म्या लई झ्याक केल्ता. बाईचा हात काय उगंच न्हाई मिळाला. कामाची शरम कुनी धरावी का, साहेब?’

मी म्हटलं, ‘मी सांगतो गावाला. पुढच्या ग्रामसभेला येऊन सांगतो.’

‘या की,’ ते म्हणाले. ‘च्या पाजतो.’

मी आलो नाही. पुढच्या सभेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आधी वाटलं, पेन्शनची फाईल निघू दे. मग वाटलं, आता पुन्हा कशाला उकरायचं. मग गुडघे दुखायला लागले. कारणं काय हो, मागाल तेवढी देता येतात. मला आता माझ्याच कारणांचा वीट आलाय.

परवा गुलाबभाई गेले. फोन आला तसा निघालो, जनाज्याला पोचलो, रात्री परत नगरला गेलो. कब्रस्तान ओढ्यापलीकडे, म्हणजे याच रस्त्यानं गेलो आपण. खड्डे चुकवत, खांदा बदलत. त्या म्हशींच्या खड्ड्यापाशी माणसं अडखळली. माझ्यापुढं दोघं चालले होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, ‘ज्यानं रस्ता घालवला, त्यालाच आज रस्ता नडतोय.’

कोण म्हणालं, ते सांगणार नाही. त्याचा काही दोष नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो बोलला. पण गुलाबभाईंचा मुलगा इरफान त्याच्या मागंच होता, खांदा देत होता. त्यानं ऐकलं. मान खाली घातली आणि चालत राहिला. इरफान, लेका, तू तेव्हा नववीत असशील. तुझ्या बापानं रस्ता घालवला नाही. मी घालवला. तुझ्या बापानं तो फक्त नीट केला.

मघाशी सरपंच म्हणाले, या रस्त्याला गुलाबभाईंचं नाव देऊ. कोणत्या रस्त्याला, अशोकराव? आधी रस्ता तर होऊ द्या. मला आज सगळं लिहून आणायचं होतं, ते आणलंय. हा कागद. यात माझ्या सहीनं लिहिलंय की पाहणीआधी दुरुस्ती माझ्या तोंडी हुकमानं झाली, मैलकुल्याचा त्यात काही दोष नाही, आणि या रस्त्याची पुन्हा पाहणी व्हावी. ग्रामपंचायतीत एक प्रत ठेवतो, एक जिल्ह्याला देतो. त्यानं रस्ता होईल असं मी म्हणत नाही. खोटी आशा दाखवायचं वय राहिलं नाही माझं. होईल, न होईल. पण पुन्हा कोणी बघायला आलंच, तर कृपा करून कमान बांधू नका. कोणी घमेल्याला हात लावू नका. जे आहे ते दिसू दे.

भाभी, तुमच्याकडे माफी मागायला मी घरी येऊ शकत नाही. तुमचे दिवस पुरे झाले की येईन. त्यांनी चहा पाजतो म्हटलं होतं, तो राहिलाय. तुम्ही दार उघडाल की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही उघडलं तरी मी समजून घेईन.

आता शेवटचं. अशा सभेत दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे. कोणीतरी घड्याळ बघतं, दीड मिनिटातच ‘बसा’ म्हणतं. आज तसं करायचं नाही. आज घड्याळ नको. गुलाबभाई कशाची वाट बघायचे, ते तुम्हाला सांगितलंय मी. या पटांगणाच्या कडेनं तोच रस्ता जातो. त्यावरून पहिली गाडी जाईपर्यंत आपण गप्प उभं राहू. दुधाचा टेम्पो या वेळेला येतो म्हणतात. कधी येतो, कधी येत नाही. जेवढा वेळ लागेल तेवढा लागेल. म्हाताऱ्यांनी बसून राहिलं तरी चालेल. माझे गुडघे दुखतायत, पण मी उभा राहणार आहे.

गुलाबभाई, सलाम.

चला, उभे राहा. आणि माईक बंद करू नका, बाबांनो. गाडी गेल्याचं भाभींना ऐकू जायला पाहिजे.